देव्हाऱ्यातली दहा मिनिटं

निफाड, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंय. आज वर्गाची ऑनलाइन चाचणी होती, दहा मिनिटांची. माझ्या वर्गातल्या माधुरीने ती घरी मोबाइलवर उघडली, तोच तिच्या आईने पोरीच्या अभ्यासाचं साधन म्हणून पूजेसाठी मोबाइल उचलून देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आरती होईपर्यंत वेळ संपला आणि कोरा पेपर आपोआप जमा!

"मॅडम, आईला काय माहीत टायमर चालू हाय ते?" फोनवर रडत होती पोरगी.

प्राचार्य म्हणाले, "नियम म्हणजे नियम. शून्य द्या."

नाही देणार! कॉम्प्युटर लॅबच्या पूजेला गुरुजी उशिरा आले, तेव्हा अख्खं कॉलेज थांबवलं होतं ना यांनी? कॉम्प्युटरला हळदकुंकू चालतं, मोबाइलला नाही?

प्रश्न बदलून तिला उद्या पुन्हा चाचणी लावलीय. विचारू देत प्राचार्यांना जाब. वेळ दहाच मिनिटं, पण आरती झाल्यावर.