दुसरा कप

तीर्थरूप मावशीस,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (डावा अजून रुसलेलाच आहे का?) इकडे सर्व ठीक. म्हणजे मी प्रसिद्ध झालो आहे, आणि त्यात माझा काही हात नाही.

कादंबरी वाचून तू कळवलंस, "शेवट छान, लवकर आला." हे कौतुक की टोमणा, यावर मी बराच वेळ घालवला. आता खरं सांगतो. तो शेवट माझा नाही, छापखानेवाल्याचा आहे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी छापतात. माझी शेवटची तीन पानं नव्या गठ्ठ्यात जात होती आणि त्यांच्यामागे तेरा कोरी राहत होती. त्याने मला न विचारता ती तीन गाळली. मी तावातावाने गेलो, तर हाताची शाई पुसत म्हणतो, "अहो साहेब, बाई स्वयंपाकघरात गेली, तिने दोन कप काढले. संपलं की! पुढे तुम्हीच बोलत बसला होतात."

(पुढे नदी होती, काळ होता, मानवी अस्तित्व होतं. त्यावर मी अख्खा हिवाळा खपलो होतो. आणि दोन कपांच्या लगेच पुढचं वाक्य असं होतं: 'एकाचा कान तुटलेला होता, म्हणून तिने तो परत ठेवला.')

त्याच्यावर खटलाच भरणार होतो. तेवढ्यात वाचकांची पत्रं यायला लागली. नवरा गेलेली बाई दोन कप काढते! दुसरा कुणासाठी? दंतवैद्याने माझी दाढ अर्धी कोरून ठेवली आणि हेच विचारलं. तोंडात बोळे असल्यामुळे मी काही बोललो नाही. त्याला ते फार खोल वाटलं. वाचनालयाच्या बाई तर रडल्या, आणि पुस्तकाला डाग पडल्याशिवाय त्या कशालाही रडत नाहीत.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. छापखानेवाला विचारतो, "टाकू का तुमची नदी परत?" माणूस खवचट आहे. शिवाय शनिवारी वाचनालयात माझं भाषण आहे, 'मनात राहणारा शेवट कसा लिहावा', आणि तो पहिल्या रांगेत बसणार आहे. लेखकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे, मावशी. झोप उडाली आहे.

प्रकृतीला जप.

तुझा (वाचकांच्या मते मितभाषी) भाचा

ता. क. नदी नको, असं त्याला कालच सांगून टाकलं. झोप उत्तम लागते.

आणखी एक. ते स्वयंपाकघर तुझं, हे तू ओळखलंच असशील. काका गेल्यावर मी आलो होतो. तू दोन कप काढलेस आणि एक परत ठेवलास. तू पाठमोरी होतीस, म्हणून कान तुटल्याचं मीच ठरवलं. शनिवारी कुणीतरी विचारणारच, तेव्हा एका ओळीत कळव, तो कुणासाठी होता. माझ्यासाठी म्हणू नकोस. मी तिथेच बसलो होतो आणि मला चहा मिळाला नाही.