सशांना धक्का बसू नये म्हणून

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज नोंद ठेवणार. या घरात एकाने तरी शास्त्रीय पद्धतीने वागायला हवं.

परिस्थिती अशी. लेक शिकायला परगावी गेली त्याला सात महिने झाले. तिच्या खोलीत तिचे दोन ससे असतात, ढब्बू आणि पिटुकली. सोळा तारखेला, रविवारी, आई कायमची आमच्याकडे राहायला येतेय. खोली तिला द्यायची. म्हणजे ससे अंगणात.

ही म्हणाली, त्यात काय, उचलायचे आणि ठेवायचे. मी सांगितलं, ससा फार हळव्या मनाचा प्राणी असतो, नुसत्या धक्क्याने जीव जातो त्याचा. ही म्हणाली, नक्की सशाबद्दलच बोलतोयस ना? मी सशांवरचं पुस्तक उघडलं.

ऑफिसात मी ट्रेनिंग घेतो. विषय: 'बदलाला हसतमुखाने सामोरे जा'. मला कोण शिकवणार!

४ फेब्रुवारी, मंगळवार
अर्धी रजा. अंगणात जाळीचं घर बांधायला सुतार आला. लाकडी चौकट, अर्ध्या भागावर पत्रा, जाळी वीतभर जमिनीत पुरायची, म्हणजे ससे उकरून पळणार नाहीत. मी म्हणालो, जरा हळू ठोका, आत ससे ऐकताहेत. सुतार म्हणाला, साहेब, हळू ठोकलेला खिळा आणि हळू दिलेली थप्पड, दोन्ही वाया. मी हातोडीला माझा मोजा चढवायला लावला.
चौकट थोडी डुगडुगते. पण ठोकताना कुणीही दचकलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७
टोपली घेऊन खोलीत गेलो. ढब्बूने मागचा पाय दाणकन आपटला. पिटुकली पलंगाखाली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पाय आपटणे म्हणजे भीती. स्थलांतर पुढे ढकललं.
ही म्हणाली, तू गेलास की आपटतो, मी गेले की गवत खातो. हा योगायोग आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
मार्ग सापडला! सशाआधी त्याचा ओळखीचा वास बाहेर गेला पाहिजे. खोलीतली चटई जाळीघरात नेऊन टाकली. चटई उत्तम रुळली.

९ फेब्रुवारी, रविवार
पडदा आणि उशी. ससे अजून तयार नाहीत. घाई करणार नाही. कुणीही कितीही टोमणे मारो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लेकीची खुर्ची (एक पाय पिटुकलीने कुरतडलेला), टेबल, टेबलावरचा दिवा, शाळेचं जुनं दप्तर.
ही बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, दप्तरसुद्धा? मी म्हणालो, त्यावर ससे झोपायचे. ही म्हणाली, कधी? मग स्वतःच म्हणाली, पत्र्याखाली सरकव, पहाटे दव पडतं.
विरोध मावळतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसातून लवकर आलो. जागा सशांना मानवेल का हे तपासायला स्वतः दीड तास आत बसलो. मला तरी मानवली. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, भाऊजी, घराबाहेर काढलं का हो? म्हणालो, प्रयोग चालू आहे. त्या हिच्याकडे बघून हसल्या. ही पण हसली. संशोधकाला हे सोसावंच लागतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पलंग जाळीघराच्या दारातून जात नाही. सुताराला फोन केला, दार मोठं करून द्या. तो म्हणाला, साहेब, आत नक्की ससेच राहणार ना?
माणसाने प्रश्न कमी विचारावेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
आढावा. खोलीतलं जवळजवळ सगळं सामान बाहेर पोहोचलं. आता फक्त ससे राहिले. पलंगही राहिला, पण तो सुताराच्या आडमुठेपणामुळे.
खोलीत उभा राहिलो तर आवाज घुमला. ढब्बूने पाय आपटला. बिचारा. त्याला हे रिकामपण सोसत नाही.
निर्णय: ससे हलणार नाहीत. आई हॉलमध्ये झोपेल. मी आता कुणापुढे झुकणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी
आई दहाला आली. मी रिक्षातून तिची बॅग काढतोय तोवर ही तिला खोली दाखवायला घेऊन गेली. बॅग घेऊन दारात येतो तर आई काठी टेकत समोरून येतेय आणि काखेत ढब्बू! मागून पिटुकलीला घेऊन ही. मी ओरडलो, धक्का बसेल! आई म्हणाली, अरे, अंगणात चाललेत, सासरी नाही.
दोघांना आत सोडलं. ढब्बू चटईवर तंगड्या पसरून आडवा झाला. तासभर लक्षणं शोधली. एकही नाही. पिटुकली खुर्चीचा दुसरा पाय कुरतडू लागली.

संध्याकाळी ६
लेकीचा फोन. आधी तिला बसायला सांगितलं, मन घट्ट कर म्हणालो, मग बातमी दिली. ती खदाखदा हसली. म्हणाली, अरे बाबा, तू ऑफिसला गेलास की मी रोज दुपारी त्यांना अंगणातच सोडायचे. आई अजून सोडते. ते फक्त तुला घाबरतात, तू वादळासारखा शिरतोस खोलीत.
मी विचारलं, आणि तुझी खोली? म्हणाली, दे ना आजीला. इथल्या खोलीला मी पडदेसुद्धा लावलेत.
छान रंगाचे असतील. विचारायचं राहिलं.

६.४०
निष्कर्ष: ससे माझ्या तयारीमुळेच रुळले. तरी पहिल्याच दिवशी त्यांना एकटं वाटू नये म्हणून जाळीघरात, लेकीच्या खुर्चीवर बसून हे लिहितोय. खुर्ची डुगडुगते. ढब्बूने दोनदा पाय आपटला. मी उठणार नाही.
मघाशी ही चहा देऊन गेली. डोक्यावरून हात फिरवला. जाताना, ससे पळू नयेत म्हणून, बाहेरून कडी लावून गेली.
मी अजून हाक मारलेली नाही. ससे दचकतील.