त्यांच्या नावाची मूठ

१३ एप्रिल, रवि.
आज पुन्हा माणसं. ह्यांचे थोरले भाऊ नाना, शिंदखेड्याकडच्या गावाहून, आणि सोबत गावातले तिघे. ह्यांचा अर्धा जबडा काढून महिना झाला तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ काही आटत नाही. चौघे ओळीनं बसले. नानांनी डबी काढली, चुना लावला, चौघांच्या तळहातावर तंबाखू. आणि मळता मळता नाना मलाच विचारतात, "कसामुये व्हयना व्हई हाऊ रोग?"
मी म्हटलं, "देवाला माहीत." आणि चहा टाकायला आत गेले. आत गेले नसते तर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे.
हे नाकातल्या नळीसकट भिंतीला टेकून बसलेले. बोललेलं कुणाला कळत नाही, म्हणून चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर वाजवतात. जन्म एस.टी.च्या घंटीची दोरी ओढण्यात गेला, ती सवय. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पाहुण्यांसाठी आज दोन-दोन ठोके कितीदा दिले. एकही उठला नाही. शेवटी मीच म्हटलं, त्यांची झोपायची वेळ झाली.

३० एप्रिल, बुध. जळगाव
अखजी. लेकी माहेरी जायचा सण. आम्ही दवाखान्याच्या मागं खोली घेऊन राहिलोय, किरणांचा शेक देणं सोमवारपासून सुरू झालं. येताना गाडी एरंडोलवरूनच आली. माझं माहेर खिडकीतून गेलं.
दुपारी भाऊ डबा घेऊन आला, पुरणपोळी न् आमरस. ह्यांच्यासमोर कसं उघडणार? जिन्याच्या वळणावर उभी राहून खाल्लं, चोरासारखं. खाताना भाऊ म्हणाला, "ताई, हळू खा ना." हळू खायची सवयच गेली.

९ मे, शुक्र.
रांगेत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणजे अगदी सावित्री हो.
सावित्रीनं यमाशी वाद घातला. रोज सकाळी नळी धुवायची, पातळ केलेलं वरण गाळायचं, पिचकारीनं नाकात ढकलायचं, हे तिला करावं लागलं नव्हतं. शिवाय सत्यवान झाडाखाली पडला तो लाकडं तोडताना. तोंडात पुडी धरून नव्हता पडला.
बाईंना हसून दाखवलं फक्त.

१९ मे, सोम.
तोंडभर फोड. गळ्याची कातडी काळी, सोललेली. पाणी लावलं तरी डोळ्यांतून धारा. बाहेर जळगावचं ऊन, खोलीत पंखा गरम वारा फेकतोय. मलम लावताना माझा हात जरा जोरात लागला असेल. त्यांनी तो झटकला, उशाशी ठेवलेली वाटी भिंतीवर. दुधाचा ओघळ खालपर्यंत.
पुसताना मनात आलं, सुटले असते तर बरं. ते की मी, हे ठरवलं नाही. लिहून ठेवते. कुणाला सांगायची सोय नाही, आणि लेकीला पुण्यात फोनवर "छान चाललंय" एवढंच सांगायचं असतं.

१२ जून, गुरु. देवपूर
शेक संपला. घरी. शेजारच्या शोभाताईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. हे कॉटवर पडले ते भिंतीकडे तोंड करून. मी किती दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात. ठेचा कुटला. खलबत्त्याचा आवाज झाला तशी पलीकडून पेल्यावर एक ठोका. थांब.
थांबले. मग मागचं दार ओढून घेतलं आणि मोरीपाशी बसून भाकरी-ठेचा खाल्ला. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून काही चोरलं नव्हतं, आता भाकरी चोरते.

८ जुलै, मंगळ.
जळगावला दाखवून आलो. डॉक्टर ह्यांना म्हणाले, जखम भरलीय, आता नळीचे लाड पुरे. गिळायचा सराव करा. अजून उशीर केलात तर घसा गिळणं विसरून जाईल, मग जन्मभर नळी.
घरी आल्यावर मऊ खिमट दिलं, चमचाभर. ठसका लागला. डोळे पांढरे, चेहरा निळा पडला, मी पाठीवर मारत राहिले. सावरल्यावर त्यांनी चमचा लांब फेकला आणि पाटीवर लिहिलं, "परत नाही."
मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? पाटी पालथी घातली.

१३ जुलै, रवि.
रोज विचारते. रोज मान नाही. मी मुलांना शाळेत पचनसंस्था शिकवते. घास अन्ननलिकेत कसा उतरतो ते फळ्यावर रंगीत खडूनं काढते. घरी एक घास उतरवता येईना.
तंबाखू सोडा म्हणून पंचवीस वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा माझं ऐकलं नाही. आता गिळा म्हणते, तेही नाही. बाईचं ऐकायचंच नाही, हे एकदा ठरलेलं. त्यांना भीती वाटते हे मला कळतं हो. पण मलाही वाटते. माझी कुठं ठेवू?

२० जुलै, रवि.
नाना एकटेच आले होते. मी दूध तापवत होते. बाहेर आले तर नानांचा तळहात ह्यांच्या नाकाशी. मळलेली तंबाखू. हे डोळे मिटून वास घेत होते, नळी नसलेल्या नाकपुडीनं. चेहऱ्यावर काय शांतपणा. चार महिन्यांत असा पाहिला नव्हता.
दूध नानांच्या अंगावर ओतायचं राहिलं एवढंच. म्हटलं, "नाना, उठा."
नाना म्हणाले, "अवं, निस्ता वास. त्यानीच मांगा." त्यानंच मागितला म्हणे. मागेल तो. मागायला काय जातं? जे द्यायला मी उभी, ते एवढ्यात कधी मागितलं नाही.
नाना गेल्यावर दोघं बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही.

१ ऑगस्ट, शुक्र. गाव
रविवारी कानबाई देवी बसणार, म्हणून आज तिच्या रोटांचं धान्य मोजायचं. ह्यांना चार दिवस शोभाताईंवर सोपवून, नळीनं भरवायचं त्यांना शिकवून सकाळच्या गाडीनं आले. भाऊबंद नानांच्या ओसरीत. दरवर्षीसारखं घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात. त्याच पिठाचे रोट होणार, आणि ते कुळातल्याच माणसांनी पुनवेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला देत नाहीत, टाकत नाहीत, उरलेच तर पुनवेला मातीत पुरतात.
नाना नावं घेत होते. स्वतःचं, मुलांचं, नातवांचं, पाळण्यातल्या पोराचं सुद्धा. मग चुलत्यांची नावं सुरू झाली.
मी वाट पाहिली. वाटलं विसरले.
म्हटलं, "नाना, एक मूठ ऱ्हायनी."
"कोनी?"
"तुम्हना भाऊनी."
 जाऊबाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, सुपाकडे बघत राहिल्या. नाना हळूच म्हणाले, "तो खाई सकत नही. मंग त्याना रोट कोन खाई? देवीना रोट वाया जावाले नको. आवंदा ऱ्हाऊ दे."
रागानं नव्हे, अगदी समजुतीनं म्हणाले. त्याचंच जास्त लागलं. पाळण्यातल्या पोराला दात नाहीत, त्याची मूठ आहे. ज्याची मूठ मोजत नाहीत तो कोण असतो? मेलेला.
मी उभी राहिले. "जित्ता शेतस त्या, नाना. मूठ घाला."
"आनि वाया गया तं?"
"जानार नही. मी देखसू."
कुणीतरी पाठीमागं पुटपुटलं, मास्तरीनबाई शे, ऐकाव नही.  मग पोत्यात हात घालून नानांनी ह्यांचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ सुपात टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मला अजिबात आवडलं नाही.

४ ऑगस्ट, सोम. देवपूर
काल कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवी साडी, रात्रभर गाणी. आज विसर्जन. फुगड्या खेळायला अक्कांनी ओढलं, एकच फेरा घेतला.
निघताना अक्कांनी ह्यांच्या वाटचे रोट पितळेच्या डब्यात भरून दिले. जाड, तुपातले, चांगले दडदडीत. म्हणाल्या, "त्यालेच खावाडजो माय. दुसरं कोनी नको."
घरी आल्यावर डबा ह्यांच्यापुढं उघडला, सगळं सांगितलं. मोजणीचंही सांगितलं. नाना आधी काय म्हणाले तेही. लपवून काय करू?
ऐकून घेतलं.  डब्यात बराच वेळ बघत बसले.

५ ऑगस्ट, मंगळ.
म्हटलं, दुधात भिजवून एक कण, फक्त जिभेवर. मान नाही.
ठीक. मग नळीनं. मिक्सरमधून दुधात फिरवला, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला, थोडा थोडा ढकलला. गेला.
देवीबद्दल मला काय वाटतं ते राहू दे. पण नानांपुढं शब्द टाकलाय.

७ ऑगस्ट, गुरु.
थोडाच संपलाय. एवढा वेळ गाळायला आहे कुणाला? शाळेत अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. मुख्याध्यापक म्हणाले, सावित्रीबाई, घरचं आटोपत घ्या आता. आता तुम्हीसुद्धा!

८ ऑगस्ट, शुक्र.
उद्या पुनव. अर्धा डबा शिल्लक. घाई केली. एकदाच सगळं फिरवलं, एकदाच गाळलं, आणि पिचकारी जोरात दाबली. अडकली. पाणी टाकलं, जाईना. मागं ओढलं, येईना. नळी चोंदली. हे माझं मनगट धरून बसलेले, आणि मी वेड्यासारखी दाबतेय.
इथल्याच डॉक्टरांकडे रिक्षानं. त्यांनी नळी काढली. म्हणाले, "बाई, हे काय घातलंत यात? पीठ?" मी शिक्षिका आहे हे त्यांना माहीत आहे. रोट म्हणाले नाही. म्हटलं, पातळ करायला चुकले.
नवी नळी घालायला गेले तर ह्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा फिरवलं. दोन्ही हातांनी नाक झाकलं. डॉक्टर म्हणाले, आज सलाईन देतो. उद्यापर्यंत तोंडानं काही गेलं तर बरं, नाहीतर जळगावला न्या, तिकडे घालतील.
सलाईन चालू असताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नळी नाही. कितीतरी दिवसांनी दिसलं ते नाक. लग्नात पाहिलेलं तेच, थोडं डावीकडे वळलेलं.
नाना बरोबर ठरणार. त्याचीच चीड येतेय. ह्यांची का येत नाहीये कळत नाही.

९ ऑगस्ट, शनि.
पुनव. राखीला एरंडोलला गेले नाही. भावाला फोन केला, माझ्या नावाची राखी दारावरच बांध म्हटलं. तो हसला, मला रडू आलं, फोन ठेवला.
सकाळी पाणी दिलं. ओठाशी धरून ठेवलं, परत वाटीत सोडलं.
दुपारी माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मोरीपाशी जाऊन बसणार होते. दाराशी गेले आणि काय झालं कुणास ठाऊक, परत फिरले. पुरे झालं. ताट घेतलं, भाकरी, ठेचा, कांदा, ह्यांच्या कॉटसमोर जमिनीवर मांडी घातली. म्हटलं, "मला भूक लागलीय. मी इथंच खाणार. भांडं फेकायचं तर फेका."
खाल्लं. चावण्याचा आवाज होत होता, होऊ दिला. ठेच्यानं नाकातून पाणी आलं. ते बघत होते. मी वर बघितलं नाही, पण कळतं ना. चमचा त्यांच्या हाताशी होता. पेल्यावर ठोका पडेल म्हणून थांबले. पडला नाही.
शेवटचा घास तोंडात असताना त्यांचा हात दिसला. पालथा नाही, उताणा. माझ्यापुढं धरलेला.
भाकरी देणं शक्य नव्हतं. उठून पितळेचा डबा आणला. रोटाचा नखाएवढा तुकडा दुधात भिजवून बोटानं चुरला, अगदी लगदा होईपर्यंत, आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मला भरवू दिलं नाही. स्वतः तोंडात घातला.
तोंड मिटलं. माझ्या मनगटाला धरलं, काल दवाखान्यात जायच्या आधी धरलं होतं तसंच.
मी त्यांच्या गळ्याकडे बघतेय. शेकानं काळी पडलेली कातडी, तिच्याखालचं हाड. शाळेत फळ्यावर काढते तेच. मान जरा खाली करा म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. त्यांनी केली. या वेळेला माझं ऐकलं.
उरलेले रोट नियमानं आजच मातीत पुरायचे. नानांचा फोन येऊन गेला, घेतला नाही. डबा झाकून कॉटखाली सरकवला. देवीला दोष लावायचा तर मला लावू दे.
एका हातानं लिहितेय, दुसरा त्यांच्या हातात आहे. घास तोंडात आहे. गिळलेला नाही. थुंकलेलाही नाही.