माझ्या हातून गेलेली अकरा पावले

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, संग्रहालयाच्या साचेखान्यातून निवृत्त झालेली साचेकार, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या राहत्या घरात बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाहीच. माझे डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात खोटे काही नव्हते, फक्त मुख्य गोष्ट नव्हती.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. तो समुद्रापलीकडे असतो, रविवारी फोन करतो, आणि हवापाण्याखेरीज आमच्यात फारसे बोलणे होत नाही. घर विकायचे तर खुशाल विकावे. न्हाणीघराचे दार वर उचलून लावावे लागते, एवढे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. माझे शिवणयंत्र धाकट्या जाऊबाईंनी एकोणीस वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी नेले होते. ते आता त्यांचेच समजावे. अधूनमधून तेल घालावे, ही विनंती.

३. माझी हत्यारे, म्हणजे ब्रश, पात्या, दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेल्या बारीक सुया आणि मोजपट्टी, साचेखान्यात आता माझ्या जागी असलेल्या बाईंना द्यावीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा सावकाश चालतो. त्यावरून मी त्यांना एकदा बोलले होते. ते शब्द परत घेते.

४. संग्रहालयाच्या तळमजल्यावर काचेखाली पावलांची एक लांब पट्टी आहे. पस्तीस लाख वर्षांपूर्वी दोन जीव, एक मोठा आणि एक लहान, ज्वालामुखीच्या ओल्या राखेवरून शेजारी शेजारी चालत गेले, त्यांची ही अकरा पावले. टाच आधी टेकलेली दिसते, मग भार कडेकडेने पुढे सरकला आहे, आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे रेटली आहे. अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत आहे, फांदी धरणाऱ्या माकडासारखा बाजूला फाकलेला नाही. डोके मोठे होण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहून चालू लागले होते, ते अशाच खुणांवरून समजते. आधी पाय चालले, अक्कल मागाहून आली. माझ्या बाबतीत तिने फारच उशीर केला.

ही पट्टी प्लॅस्टरची आहे, मी घेतलेल्या साच्यातून ओतलेली. पाटीवर ‘प्रत’ असे लिहिले आहे, त्यामुळे पाहणाऱ्यांना वाटते की मूळ पावले कोठेतरी जपून ठेवली असतील. मूळ पावले नाहीत. ती मी नष्ट केली.

५. पावले सापडली ती मुकादमांना. संग्रहालयाच्या आमच्या उत्खनन तुकडीत खोदणाऱ्यांवर ते मुकादम होते. त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. कोरड्या ओढ्याच्या काठी ते दोन दिवस पोटावर पडून ब्रशने धूळ झटकत होते. पहिली टाच दिसल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि माझ्यासाठी सावलीला स्टूल आणून ठेवले. मला सातवा महिना होता.

तुकडीचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, त्यांनी मला बजावले की राख पक्की करणारे रसायन दोनदा चढवायचे, दोन दिवस वाळू द्यायचे, मगच साच्यासाठी पातळ रबर ओतायचे. एवढे सांगून ते कळवाकळवीसाठी शहरात गेले. मी रसायन एकदाच चढवले आणि त्याच संध्याकाळी रबर ओतले. दुसऱ्या दुपारी सोलायला घेतले तेव्हा रबराबरोबर राखेची सालच उठली, अकराच्या अकरा पावलांसकट. खाली नुसता भुगा राहिला. मुकादम शेजारी उभे होते. ते खाली बसले आणि भुग्याला हात न लावता बघत राहिले.

सर परत आले. ओल्या राखेवर रसायन धरत नाही, म्हणून भुगा पाहून, मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारले, जमीन ओली कशी झाली. ती ओली नव्हती, पण मला वाट सापडली. मी म्हणाले, “मुकादमांनी पाण्याने धुतलं होतं.” मुकादमांनी माझ्याकडे पाहिले. संध्याकाळच्या गाडीने त्यांची रवानगी झाली. पुढे सरांनी आपल्या लेखात पावले स्वतःलाच प्रथम दिसली असे लिहिले. याबद्दल माझा सरांवर राग होता, तो येथे सोडून देते. चोराने चोरावर फिर्याद करू नये.

साच्याला चिकटलेली राख मी पिंपात धुऊन काढली. पस्तीस लाख वर्षे टिकलेली ती चाल गढूळ पाणी होऊन वाळूत मुरली. साचा उत्तम उतरला होता. त्या साच्यावर मला बढती मिळाली.

माझ्या मुलाने हे कलम नीट वाचावे. डॉक्टरांची तारीख होती, पोटातल्या बाळासाठी घाई केली, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावले. ते खरे नाही. तारीख पुढे ढकलता आली असती. मला त्या तंबूचा कंटाळा आला होता आणि दुसऱ्या दिवशी घराकडे एक जीप जाणार होती. एवढेच कारण. तुझा यात काही दोष नाही.

६. बावीस वर्षांनी मी मुकादमांना शोधून काढले. ते एका वाहनतळावर पहारेकरी होते. त्या प्रकारानंतर कोणत्याही तुकडीने त्यांना उभे केले नव्हते. त्यांनी मला ओळखले, बसायला खुर्ची दिली, मुलगा की मुलगी विचारले. मी विचारले, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?

ते म्हणाले, “तुमची अवस्था तशी. म्हटलं, आत्ता घाबरल्यात, दोन दिवसांत स्वतःच सांगतील. मग आठवडाभर वाट पाहिली.”

“आणि मग?”

“मग सवय झाली.”

मी माफी मागितली. ते म्हणाले की माफीचे त्यांना काही करता येण्यासारखे नाही. ती पावले त्यांचीही नव्हती आणि माझीही नव्हती. त्यांनी एकच काम सांगितले. “माझ्या मुलीला एवढं सांगा, की मी पाणी ओतलं नव्हतं. मी सांगतो ते तिला खरं वाटत नाही.” मी पुढच्या रविवारी जाते म्हणाले.

गेले नाही. एक रविवार चुकला, मग जायची लाज वाटू लागली, मग नऊ वर्षे गेली. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्याच पट्टीसमोर माझा सत्कार झाला. त्यानंतर महिन्याभराने मुकादम वारल्याचे कळले.

७. त्यांची मुलगी एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. मी तिला तेथेच गाठले आणि सगळे सांगितले. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“शेवटी बाबांचा हात थरथरायचा. एकदा पेला सांडला. मी म्हटलं, पाणी ओतून वाटोळं करायची तुमची सवयच आहे. त्यांनी फडकं मागितलं आणि स्वतः पुसलं.” मग म्हणाली, “तुम्ही आता का आलात? मी आता कुणाला सांगू?”

बँकेतली सर्व शिल्लक मी तिच्या नावे करायचे ठरवले होते. तिने ती नाकारली व पुन्हा येऊ नका असे सांगितले. तिच्या शब्दाला मान देऊन ती शिल्लकही मी मुलाला देते.

८. पाटीवर ‘मूळ पावले साचेकाराच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाली, ती शोधणारे मुकादम निर्दोष होते’ असे लिहावे, म्हणून मी संग्रहालयाला तीन पत्रे पाठवली. उत्तर आले की प्रत अचूक आहे, पाहणाऱ्यांची तक्रार नाही, जुने प्रकरण उकरून काय साधणार. ही मागणी मी येथे पुन्हा नोंदवते. ती मानली जाईल अशी आशा मला नाही.

९. रबराच्या घड्यांतून निघालेली चमचाभर राख टेबलाच्या खणात डबीत आहे. ती कोणाला द्यावी हे मला ठरवता आलेले नाही.

१०. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. माझ्या कामाबद्दल कोणी चांगले बोलू लागल्यास हे पाचवे कलम त्याला वाचायला द्यावे.

मी वाटण्यासारखे होते ते सगळे वर वाटले आहे. देणे खरे तर एका वाक्याचे होते. ते ज्याला हवे होते तो माणूस नऊ वर्षे वाट पाहून गेला, आणि त्याच्या मुलीला ते पोचले तेव्हा ते तिच्यावर ओझे होऊन पडले. हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि कोठेही बदल न करता सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: सतरा नोव्हेंबर, दुपारी चार

(सही)
साचेकार, निवृत्त

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही; बाईंनी वाचा म्हटले होते.

साक्षीदार १: (सही) समोरच्या घरातील शिंपीणबाई
साक्षीदार २: (सही) दाखला देणारे डॉक्टर