जेपीजी रितेशला, रॉ अमिषाला

मी, प्रणाली गुणाजी भोईर, वय सत्तावीस, धंदा फोटोग्राफी, राहणार काशीद. डोकं ठिकाणावर आहे. घाबरलेय, पण घाबरणं म्हणजे वेड नाही. हे लिहायला कुणी बळजबरी केलेली नाही. केली ती गप्प बसण्यासाठी.

१. बीचवरची टपरी, प्रिंटर आणि पर्यटकांचे सगळे जेपीजी माझा धाकटा भाऊ रितेश याला. त्याला जेपीजीच आवडतात. लगेच मोबाइलवर जातात, गिऱ्हाईक खूश.

२. कॅमेराही त्यालाच. त्यात दोन कार्डं असतात, हे त्याने आतातरी शिकावं. एकावर जेपीजी, म्हणजे कॅमेऱ्याने बरंच काही टाकून देऊन लहान केलेला फोटो. दुसऱ्यावर रॉ, म्हणजे सेन्सरला दिसलं ते सगळं.

३. ट्रायपॉड चुलतभाऊ पियूषला अजिबात देऊ नये. लग्नाला म्हणून नेला, पाय मोडून आणला, वर म्हणतो, "आधीच ढिला होता."

४. खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर चोरून भराव टाकणाऱ्या डंपरचा फोटो मी तिन्हीसांजेला काढला. दुसऱ्या दिवशी भराववाल्यांचे दोघेजण फोटो मागत टपरीवर आले. रितेशने जेपीजीचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिथेच बघितलं. डंपरमागे नुसता काळोख. हसत गेले.

"ताई, सुटलो ना," रितेश म्हणाला. त्याच्यावर राग नाही.

रॉमध्ये तो काळोख उजळता येतो. डंपरचा नंबर दिसतो, बाजूला उभा असलेला माणूसही. तो रोज सकाळी बाबांना रामराम करतो. परवा त्याने मला विचारलं, "दुसरं कार्ड असतं का गं कॅमेऱ्यात?"

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पोरी, काळोख हाय तो काळोखच राहू दे. आपल्याला हितंच राहायचं हाय." मी डिलीटवर बोट ठेवलं होतं. दाबलं नाही.

५. ते रॉ कार्ड माझी मैत्रीण अमिषा हिला. ती अलिबागला वकिली करते. मूळ फाइल तशीच ठेवावी, नाहीतर फोटोत फेरफार केला म्हणतील.

हे वाचून अमिषा म्हणाली, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तोवर कार्ड कुठे ठेवणारेस?"

म्हणून कलम पाच रद्द. कार्ड आत्ताच तिच्या हातात दिलं, भरावाविरुद्धच्या तक्रारीवर नावही माझंच घातलं. बाकीची कलमं मी मेल्यावर.

सही: प्रणाली भोईर

साक्षीदार (दोघेही माझ्यासोबत अलिबागला आले):
शिवदास पाटील, नारळपाणीवाले ("नाव घाल, पत्ता नको.")
भागुबाई म्हात्रे, काशीद, बीचवरची पहिली खानावळ ("माझा पत्ता नीट लिव. कोन येतो ता बघू.")

दिनांक: ९ डिसेंबर २०२४
स्थळ: अलिबाग. आज घरी जायची हिंमत होत नाही.