ठिणगीने पाठवलेला काळा दगड

१२ जानेवारी

चि. ठिणगीस, आजोबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. उजवा हात भाजला होता. ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळातून काढलेला तुझा काळा दगड पोचला. शेजारचा सोनार म्हणाला, यात तांबं आहे, सोनंही निघेल. मग काय, तुझी चिठ्ठी वाचायच्या आधीच तो परसातल्या भट्टीत घातला. जन्मभर ओतशाळेत पोरांवर ओरडलो की ओलं काही आगीत टाकू नका, आणि म्हातारपणी स्वतःच शेण खाल्लं. दगडाच्या पोटात पाणी होतं. असा फुटला की भट्टीचं तोंड उडालं. तुझ्या आईच्या डोळ्यांत जरा धूर गेलाय, बाकी क्षेम. बोटीच्या कठड्यावरून वाकत जाऊ नकोस.

तुझा आजोबा

३ मार्च

ती. आजोबांना, शि. सा. न.

कमाल केलीत! शेकू नका, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की.

इथे त्याहून वाईट झालं. तळाशी उकळतं पाणी ओकणारी दगडी धुराडी असतात. त्यातलं एक आम्ही तारेच्या दोराने ओढत होतो, तेवढ्यात खालचा ज्वालामुखी फुटला. धुराडं कोसळलं, दोर अडकला, ताणला, तुटला. त्याच्या फटक्याने मुकादमकाका कमरेत कापले गेले. त्यांचं रक्त माझ्या बुटांखाली गोठलं. आता दोर ओढायच्या त्यांच्या यंत्रावर वर्षभर मला बसायला सांगतायत. काम येतं, धीर होत नाही. आईने स्वतःच्या हाताने ‘राहा’ लिहिलं तर राहीन, नाहीतर पुढच्या बोटीने घरी. तुमचं लिहिणं धरणार नाही, तुम्ही मला पाण्याच्या हौदाचीसुद्धा भीती घालायचात!

तुमची ठिणगी

१९ एप्रिल

चि. ठिणगीस, आशीर्वाद.

धूर नव्हता बाळा, दगडाच्या कपच्या होत्या. आईचा एक डोळा डॉक्टरांनी काढला. दुसऱ्याला उजेड तेवढा कळतो. तुझं पत्र मी अडखळत वाचून दाखवलं. मुकादमांच्या मरणापाशी आलो तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. मग म्हणाली, मामंजी, पेन द्या. मी ओरडलो, पोरीला मारायचंय का? तर म्हणते, घरी तुमच्या भट्टीपाशी तरी कोण वाचलं!

मी तिचा हात कागदावर टेकवला. सोबतचा चिटोरा तिचाच आहे. ‘रा’वर ‘हा’ चढलाय, शेवट कागदाबाहेर गेलाय, पण हात तिचा. दोनदा फाडायला घेतला. पाठवतोय.

दोर ताणलेला असेल तेव्हा त्याच्या रेषेत उभी राहू नकोस. येतेस की राहतेस, दोन ओळी लवकर टाक. दारावर टकटक झाली की ती माझ्या आधी उठते, आणि भिंतीवर आपटते.

तुझा आजोबा