नितीनचं बोटभर जास्तीचं शेपूट

रवि. २ जुलै २००६, मिल्टन कीन्स
पडलं. दोन वर्षं बालसा लाकूड कापून बनवलेलं माझं मॉडेल डावीकडे वळलं, गिरकी खाल्ली आणि थेट बार्लीच्या शेतात. मूळ विमानही असंच करायचं. दोन महायुद्धांच्या मधलं बायप्लेन फायटर. एकच बनलं, वळताना गिरकीत जायचं, म्हणून हवाईदलाने नाकारलं. मी सगळं तंतोतंत स्केलप्रमाणे केलं, तर खोडही तंतोतंत आली.

मग नितीनने त्याचं उडवलं. तेच विमान. ड्रॉइंग माझं, मीच दिलेलं (गाढव!). तीन चकरा मारून अलगद गवतावर उतरलं. टाळ्या. मीही वाजवल्या. जळफळाट झाला नुसता.

मंगळ. ४
नि.च्या गॅरेजमध्ये. तो चहा आणायला आत गेल्यावर त्याच्या विमानाला पट्टी लावली. शेपूट मोठं! चांगलं बोटभर. विचारलं.

"थोडंसं वाढवलं रे. उडवायचं होतं ना मला."

लपवलंसुद्धा नाही. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. घरी येऊन मेधाला सांगितलं, तर म्हणे, "मग तूही वाढव!" बायको आहे की नितीनची वकील?

रवि. ९
पुढच्या रविवारी क्लबची स्पर्धा. कप मला हवाय, दोन वर्षं हवाय. सेक्रेटरी केनला सहज म्हणून विचारलं, शेपूट स्केलबाहेर असेल तर चालतं का? नाव घेतलं नाही. म्हातारा हसला. "नितीनचं ना? थोडे पॉइंट्स जातील." वर म्हणाला, मूळ डिझायनरलाही शेपूट वाढवायचंच होतं. पण तोवर दुसऱ्या कंपनीच्या विमानाला ऑर्डर गेली होती.

म्हणजे ज्याच्या एकेका रेषेशी मी इमान राखलं, तोही नितीनच्याच पार्टीत.

गुरु. १३
पंख जोडून झाला. शेपूट कापून मोठं करावं म्हणून करवत घेतली. परत ठेवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसलं काहीतरी. वाढवलं तर म्हणतील, नितीनचं बघून केलं.

शनि. १५
नि.चा फोन. ग्लासगोला बहिणीला अचानक अ‍ॅडमिट केलंय, पहिलं बाळंतपण. निघतोय.

"उद्या माझं विमान तू उडव."

"केनला सांग ना."

"केनला कशाला? त्या विमानाची नस तुलाच ठाऊक. तुझ्याकडे दिलं की मला घोर नाही."

जाता जाता विमान ठेवून गेला. आता दोन्ही हॉलमध्ये शेजारी शेजारी. मेधा म्हणाली, "सवती नांदतायत छान." हसू आलं नाही.

रवि. १६, सकाळ
नि.चा टेक्स्ट. भाची झाली, दोघी ठीक. खाली: 'बिनधास्त उडव.'

बिनधास्त! उडालं तर टाळ्या त्याच्या, कप बहुतेक त्याचाच. आणि डावीकडे वळताना रिमोटवर माझा अंगठा जरा जास्त दाबला गेला तर कुणाला कळणार? हे मीच लिहिलंय. खोडावंसं वाटतंय, खोडत नाही.

मेधा गाडीत बसलीय, हॉर्न देतेय. दोन्ही विमानं मागच्या सीटवर.

झाडाचं पान हलत नाहीये. पडलं तर वाऱ्यावर ढकलता येणार नाही.